पंचफुले, पिशवी भरतेय मी

पंचफुले, जथा परवा सकाळी निघतोय आणि माझी पिशवी अजून अर्धीच भरलीय. पलंगावर सगळं पसरून बसले आहे. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस, "व माय, दुकान मांडलं का काय शिस्टरनं!" आणि आत येऊन निम्मं सामान परत कपाटात कोंबलं असतंस. आज कोणी आलं नाही. दुपारपासून एकच टॉवेल मी तीनदा आत ठेवला आणि तीनदा बाहेर काढला.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. मी तेव्हा नांदुऱ्याला लेकाकडे होते. फोन आला तशी मिळेल त्या गाडीनं निघाले, आणि अमडापुरात पोचले तेव्हा माणसं तिकडून परत येऊन हातपाय धूत होती. नर्सच्या नोकरीत तीस वर्षं मी लोकांच्या मरणाला वेळेवर पोचले, तुझ्याच वेळेला उशीर झाला. तुझी लेक रेखा माझ्या गळ्यात पडली. "मशीनवरच होती वं मावशी, ब्लाऊजची बाही लावून राह्यली होती." मी त्या पोरीचं मनगट धरून तिची नाडी मोजत बसले. सवय मेली.

हे लिहितेय ते तुला आवडलं नसतं, तेही माहीत आहे. "शिस्टर तोंडानं अमडापूरची अन् कागदावर पुण्याची," म्हणायचीस. म्हण. पण तुला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय आणि ती बोलायला आता समोर कोणी नाही.

पहिल्या वर्षी आठवतं? वीस मार्चच्या आत महाडला पायी पोचायचं, चवदार तळ्यावर, असं ठरलं. चिखली, देऊळगाव राजा, जालना, पुढचा सगळा मुलूख आणि शेवटी वरंधा घाट. जथ्याचे पुढारी भगवानदादा म्हणाले होते, टेम्पो मिळणार नाही, जो तो आपलं ओझं आपण वाहील, पाठीवर चार किलो आणि वर एक लिटर पाणी. आणि मी एसटीच्या प्रवासाची बॅग घेऊन तुझ्या दुकानात आले. दोन चादरी, चार साड्या, बी.पी.चं मशीन, औषधांचा डबा. तू पायातलं मशीन थांबवलंस, चष्मा नाकावर ओढलास आणि विचारलंस, "सासरी चाल्ली का वं?"

मग ती बॅग आपण माझ्या काट्याला टांगली. आरोग्य केंद्रातून बाद झालेला तो लटकता काटा, ज्याच्या झोळीत मी गावोगावची लेकरं तोलली. नऊ किलो सातशे. "जुळे हायेत," तू म्हणालीस, "सिझर लागते याले."

आठ दिवसांत तू दोन पिशव्या शिवल्यास. मोडक्या छत्र्यांचं काळं कापड, पट्टे नातवाच्या जुन्या दप्तराचे, खांद्याला लागू नये म्हणून आत गोधडीच्या चिंध्या. रिकामी पिशवी तीनशे ग्रॅमच्या आत. मग तुला वजनाचं याडच लागलं. साबण दोऱ्यानं कापून त्याचे चार तुकडे. एक फणी मधोमध मोडून दोघींत अर्धी-अर्धी. एक दिवस माझ्या दोन्ही साड्यांचे फॉल उसवून टाकलेस, मला न विचारता. मी भांडले तर ते फॉल काट्याला अडकवून दाखवायला लागलीस. काटा हललासुद्धा नाही. "काटा खराब हाय तुहा," म्हणालीस, आणि फॉल काही परत लावून दिले नाहीस. गेली सहा वर्षं मी बिनफॉलाच्या साड्या नेसून महाडला जातेय. चालताना त्या पायात गुंडाळतात, हे एकदा तोंडावर सांगायचं होतं तुला.

बाकी सगळं मी तुझं ऐकलं. एकच ऐकलं नाही. दुसरी बाटली.

मी दोन लिटर पाणी घेऊन चालायची. तू एक लिटर, तेही अर्धं रस्त्यात कोणाला तरी पाजून मोकळी व्हायचीस. गाव आलं की पहिलं दार दिसेल तिथं उभी राहायचीस. "ओ माय, पाणी देता का वं घोटभर?" अन् तिथंच ओट्यावर फतकल मारून लोकांच्या सुनांच्या ब्लाऊजची मापं काढायचीस. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून माझ्या बाटलीतलं पाणी प्यायची.

"काऊन ओझं वाहून राह्यली? रस्त्यानं गावं नाहीत का? दारं नाहीत का?"

"मले कोणाचं पाणी सोसत नाही. पोट बिघडते."

पोटाचं कारण नर्सला शोभतं. तुला ते कधी खरं वाटलं नाही. तू त्याला शिस्टरचा तोरा म्हणायचीस, आणि मी म्हणू द्यायची. खरं सांगण्यापेक्षा तोरा बरा वाटायचा.

मागच्या वर्षी जालन्याच्या अलीकडे ऊन फार होतं. डांबर चपलेला चिकटत होतं. एका घरापुढे एक म्हातारी वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसली होती. तू पाणी मागितलंस. ती बिचारी कंबर धरून उठली आणि ताटलीत दोन पेले घेऊन आली, एक तुला, एक मला. मी म्हटलं, "माझ्याजवळ आहे," आणि बाटली काढली. म्हातारी तशीच उभी राहिली. पेला तिनं अजून पुढं धरलेला होता. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालत न्हाई का बाई तुम्हाला?"

तू तिच्या हातातून तो पेला घेतलास आणि दोन्ही पेले प्यायलीस. म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवलास. रस्त्याला लागल्यावर बोललीस.

"कोठी चाल्लो आपण, माहीत हाय का तुले? ज्या तळ्याचं पाणी आपल्या मानसायले प्यायची बंदी होती, तिथी चाल्लो. ते लोक मार खाऊन पाणी प्यायले. अन् तू शिस्टरबाई, एका म्हातारीले तिच्याच दारात बाटवून आली!"

मी म्हणाले, "तुले काही माहीत नाही."

"मंग सांग ना! सहा वर्षं झाले, सांग ना काऊन ते!"

मी सांगितलं नाही. दोन दिवस आपण बोललो नाही. मुक्कामाला तू त्या भिंतीला, मी या भिंतीला. जथ्यातल्या बाया गमतीनं बघायच्या. तिसऱ्या दिवशी माझा उजवा गुडघा सुजला आणि मी मागं पडायला लागले. त्या दिवशी पिशवी मला हलकी वाटली. मला वाटलं, चला, अंग सरावलं. संध्याकाळी पाणी प्यायला हात घातला तर दुसरी बाटली नव्हती. ती तुझ्या पिशवीतून निघाली. भरलेली, बूच घट्ट लावलेली. तुला तहान लागली तरी तू त्या बाटलीला हात लावला नव्हतास, लोकांच्या दारात जाऊन मागून पीत होतीस. मी बघत राहिले तर म्हणालीस, "पाहतं काय? तुहीच बाटली हाय. मी हमाल हाय नुसती." आणि तिथून महाडपर्यंत, तीनशेच्या वर किलोमीटर, माझी बाटली तू वाहिलीस. मी एकदाही नको म्हणाले नाही. गुडघा दुखत होता हे खरं, पण मला बरंही वाटत होतं. आता वाटतं तुझ्या छातीत तेव्हाच काही दुखत असेल का? तुझा चढावर चालताना लागणारा दम मी नर्स असून ऐकला नाही का? मी माझ्याच गुडघ्यात गुंतले होते. याला माफी कुठं मागायची ते मला कळत नाही.

तळ्याच्या पायऱ्यांवर तू पुन्हा विषय काढलास. म्हणालीस, "ते काऊन सांगजो मले कधीतरी."

मी म्हणाले, "पुढच्या साली सांगीन. चालता चालता."

मला तुझा राग येतो, पंचफुले. खरंच येतो. थांबायचं होतंस की वं. एवढी कसली घाई होती? लोकांच्या बाह्या लावत बसलीस आणि माझं ऐकायला थांबली नाहीस.

आता ऐक.

मी तेवीस वर्षांची होते. नवी नोकरी, पांढरी साडी कडक इस्त्रीची, हातात पत्र्याची पेटी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आजही माझ्या हातची लेकरं नांदतात. वैशाखातली सकाळ होती. एका घरची सून अडली होती. चार तास मी त्या कोंदट खोलीत होते. मूल पायाळू. बाई जीव सोडते की काय असं झालं होतं. शेवटी पोरगा झाला आणि निळा पडलेला होता. मी त्याच्या तोंडातलं सगळं काढलं, उलटा धरला, चोळला, आणि तो रडला. मला आजही त्याचं रडणं आठवतं. माझ्या हातांवर त्याचं गरम अंग होतं. सासू दारात उभी राहून माझ्याकडे बघून रडत होती. म्हणाली, तुमी देवासारख्या आल्या.

बाहेर ओसरीत आले. घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन आली, आणि देता देता थांबली. "कोनाच्या व तुमी? आडनाव काय?" मी सांगितलं. सांगायला मला तेव्हा भीती वाटत नव्हती. तिचा चेहरा काही फार बदलला नाही, तेच तर. तिनं तांब्या वर उचलला आणि म्हणाली, "धरा."

मी ओंजळ धरली, पंचफुले. तिनं वरून पाणी ओतलं. तांब्या माझ्या बोटांना लागू नये म्हणून इतका वर धरला होता की निम्मं पाणी साडीवर सांडलं. पाच मिनिटांपूर्वी त्याच हातात तिचा नातू होता. तेव्हा हात चालले.

आपल्याकडे अशा गोष्टी खूप जणांजवळ आहेत. सांगणारे सांगतात, मी तांब्या भिरकावला, मी पाणी न पिता निघालो. ऐकणारे टाळ्या वाजवतात. तूही असंच काही ऐकायला टपलेली असायचीस. म्हणून मला सांगता आलं नाही. कारण मी प्यायले. सगळं प्यायले. वर म्हणाले, "बरं वाटलं, येते." आणि बारा दिवसांनी बाळाला बघायलाही गेले, जाताना घरून पाणी घेऊन. त्या दिवसापासून ती दुसरी बाटली. लोकांची घाण वाटते म्हणून नाही गं. मला माझ्या ओंजळीची भीती वाटते. पुन्हा कोणी वरून धरलं तर मी पुन्हा हात पुढं करीन, अशी.

तू काय केलं असतंस मला माहीत आहे. आधी त्या बाईला आईमाईवरून शिव्या दिल्या असत्यास, मग मला. "काऊन पेली वं? थुकाचं होतं तिच्या अंगावर!" मग रस्त्यातच खाली बसून रडली असतीस, आणि जथा पुढं निघून गेला असता. भगवानदादा परत शोधायला आले असते. हे सगळं व्हायला हवं होतं. सहा वर्षांत कधीही झालं असतं. मीच होऊ दिलं नाही.

आणि तुझंही सगळं खरं नव्हतं, ऐकून ठेव. एकदा एका घरी तू पाणी मागितलंस आणि आतली बाई म्हणाली, पाणी नाही. दारातून भरलेला माठ दिसत होता, त्याच्या अंगावर पाणी पाझरत होतं. तू हसून "बरं माय" म्हणालीस आणि पुढं निघालीस. मला वाटलं, हिला लागतच नाही. त्यानंतर फर्लांगभर तू गाणं म्हटलं नाहीस, एवढं मला आता आठवतं. म्हणजे लागायचं तुला. तरी पुढच्या दारात उभी राहायचीस. ते कसं करायचीस हे मी विचारलं नाही. मी माझं सांगितलं नाही आणि तुझं विचारलं नाही. वा रे मैत्रिणी!

तर आता असं आहे. पलंगावर दोन बाटल्या आहेत. दोन्ही घेतल्या तर हा गुडघा मला देऊळगाव राजाच्या पुढं जाऊ देणार नाही, आणि वाहायला तू नाहीस. एक घेतली तर कुठल्यातरी दारात उभं राहावं लागेल. तिसरा मार्ग म्हणजे जायचंच नाही. भगवानदादा कालच म्हणाले, "बाई, यंदा आराम करा, पुढच्या साली पाहू." त्यांचं बोलणं मायेचं होतं. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

इथवर काल लिहिलं आणि उठले. पुढं लिहवेना.

आज सकाळी उजाडल्यावर पिशवी पाठीला लावली. कपडे, चादर, औषधं, आणि एक बाटली, तीही रिकामी. मुद्दाम रिकामी. चिखलीच्या रस्त्यानं निघाले. म्हटलं, उद्या जथ्यातल्या माणसांपुढं फजिती नको, आधी एकटीनं करून बघू. जमलं तर जायचं, नाही तर पिशवी परत खुंटीला.

सहा-सात किलोमीटर गेले. ऊन चढलं. जीभ टाळूला चिकटली. दोन गावं आली आणि गेली, मी पुढंच चालत राहिले. एका दारात तर पायरीपर्यंत जाऊन परत फिरले. कुत्रं भुंकलं म्हणून, अशी स्वतःची समजूत घातली. लाज वाटली. या वयात, केस पांढरे झालेली बाई, हजार बाळंतपणं केलेली, आणि पाणी मागायला पायरी चढवत नाही.

तिसऱ्या गावाच्या कडेला एक घर होतं. दार उघडं. एक पोरगी, असेल पंचविशीची, ओसरीत सुपात तूर पाखडत बसली होती. मी उभी राहिले. ती वर बघेपर्यंत उभी राहिले.

"बाई, घोटभर पाणी देता का?"

आवाज माझा नव्हताच. ती उठली, पदर सारखा केला, मला खालीवर बघितलं.

"कोन्या गावच्या तुमी?"

माझी पाठ ताठ झाली. म्हटलं, आलं. मग सगळंच सांगितलं, पुढं विचारायला काही उरू नये म्हणून. "अमडापूरची. पायी चाल्ली महाडले, चवदार तळ्यावर."

"थांबा जरासक," म्हणाली आणि आत गेली.

आणि येईना. आत भांड्याचा आवाज झाला. मागच्या दाराची कडी वाजली. मग काहीच नाही. मी उन्हात उभी. एक मिनिट, दोन, चार. मला सगळं कळलं असं वाटलं. मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या, की बघ, बघ तुझी दारं. हातांची बोटं आपोआप जवळ यायला लागली होती, मी ती पदरात कोंबली. परत फिरले.

"ओ बाई! चाल्ल्या काऊन?"

ती शेजारच्या घराच्या फाटकातून येत होती, लगबगीनं, तांब्या दोन्ही हातात धरून, सांडू नये म्हणून त्याच्याकडेच बघत. "नळ आले नाहीत आठ दिवसांपासून. आमचा माठ खडखडीत हाय. काकूकडून आनलं."

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, ओली होती. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, जरा मचूळ. पिताना मला रडू आलं आणि ठसका लागला. तिला वाटलं घाईनं प्यायल्यानं लागला. माझ्या पाठीवर थोपटायला गेली तर हात पिशवीवर पडला.

"हलकीच हाय की," म्हणाली. "एकल्याच चाल्ल्या का एवढ्या दूर?"

"जथा आहे," मी म्हणाले. मग म्हणाले, "जोडीनं चालाची तं आम्ही दोघी. माही मैत्रीण वारली."

सव्वा महिन्यात हे मी पहिल्यांदा बोलले. रेखाशी नाही, लेकाशी नाही, भगवानदादांशी नाही. ते मला सांगायचे आणि मी मान हलवायची. माझ्या तोंडून ते एका परक्या दारात निघालं, हातात मागून घेतलेलं पाणी असताना. म्हणून तर मी मागत नव्हते की काय, कोण जाणे. दारात उभं राहिलं की माणसं विचारतात, आणि विचारलं की सांगावं लागतं.

पोरीनं सूप बाजूला सरकवलं, ओसरीची जागा पदरानं पुसली. "बसा ना."

मी बसले. तीही समोर बसली, गुडघ्याला मिठी घालून.

"काय नाव होतं वो त्याइचं?" तिनं विचारलं.

मी तुझं नाव सांगितलं.